इथवर

सकाळी उठताना अजूनही माझा हात आधी उजव्या गुडघ्यावर जातो. दुखत काही नसतं. तळहात वाटीवर टेकवायचा, पाय एकदा हळूच वाकवून बघायचा आणि मग फरशीवर पाऊल टाकायचं. दोन-चार क्षणांचं काम. पण तेवढ्यात खोलीतल्या अंधाराला ओल्या गवताचा वास येतो आणि पुढे कुणीतरी उतरत असल्यासारखी काठीची टकटक ऐकू येते.

तो उतार उत्तर स्पेनमधल्या लेओनच्या डोंगरांतला. सांतियागो दे कोंपोस्तेलाकडे जाणारी जुनी यात्रेची वाट तिथं सुमारे १५०० मीटर उंचीवर चढते आणि मग मोलिनासेका नावाच्या नदीकाठच्या गावापर्यंत नऊशे मीटर खाली येते. पायाखाली पाटीचा दगड. माझी पहिलीतली पाटी होती तसलाच, काळसर निळा, पण इथं त्याच्या फळ्या जमिनीतून उभ्या वर आलेल्या. पाऊल कडेवर पडतं, सपाटीवर पडतच नाही. त्या उतारावर कुठंतरी माझ्या गुडघ्यात काहीतरी सरकलं. आवाज झाला नाही. मी पुढची पावलं टाकत राहिले आणि प्रत्येक पाऊल जरा उशिरा पोचायला लागलं.

सांतियागो म्हणजे सेंट जेम्स, येशूच्या बारा शिष्यांपैकी एक. त्याची कबर नवव्या शतकात स्पेनच्या वायव्य टोकाला, गालिसियात सापडली अशी श्रद्धा आहे, आणि तेव्हापासून युरोपातून माणसं तिकडे चालत जात आली. एकाच वाटेनं नव्हे, ज्याच्या त्याच्या घराच्या उंबऱ्यापासून. त्या सगळ्या वाटांना मिळून कामीनो म्हणतात. कामीनो म्हणजे वाट, बस एवढंच. आज सगळ्यांत जास्त चालली जाते ती फ्रेंच वाट. पिरेनीज पर्वताच्या फ्रान्सकडच्या पायथ्याशी सँ-झाँ-पिए-द-पोर गावी ती सुरू होते आणि सुमारे ७८० किलोमीटरनंतर सांतियागोच्या कॅथीड्रलसमोरच्या चौकात संपते. पुरी चालायला पाच आठवडे लागतात. माझ्याकडे रजेचे तीन आठवडेही नव्हते. म्हणून २०२३ च्या सप्टेंबरात मी लेओन शहरापासून निघाले. तिथून सांतियागो तीनशे किलोमीटरच्या थोडं पुढं.

यात्रेकरूला तिथं पेरेग्रीनो म्हणतात. लॅटिनमधल्या मूळ शब्दाचा अर्थ परका, परमुलखातला माणूस. हे कळल्यावर मला फार हायसं वाटलं होतं. मी ख्रिस्ती नाही, स्पॅनिश मला येत नाही, त्या चर्चमध्ये गुडघे कधी टेकायचे आणि कधी उठायचं हे मी शेजारच्या बाकाकडे बघून ठरवत होते. पण त्या शब्दात माझ्यासाठी आधीच जागा होती. तिथं सगळेच परके. घरातून निघालं की माणूस पेरेग्रीनो होतो.

दिवस लवकर सुरू व्हायचा. यात्रेकरूंच्या धर्मशाळेला अल्बेर्गे म्हणतात. एका खोलीत वीस-तीस माणसं, एकावर एक पलंग, दाराशी बुटांची मांडणी, रात्री दहाला दिवे बंद. पहाटे साडेपाचला कुणाच्या तरी सॅकमधली प्लॅस्टिकची पिशवी चुरचुरायची आणि खोली जागी व्हायची. कपाळाला विजेरी बांधून माणसं आपापल्या पावलांवर वाकलेली असायची. कुणी सुईत दोरा ओवून फोडातून आरपार काढतंय, कुणी बोटाबोटाला चिकटपट्टी गुंडाळतंय. एरवी ज्यांच्याकडे वर्षानुवर्षं कुणी बघत नाही त्या पावलांची इतकी सेवा मी आणखी कुठं पाहिली नाही. शेजारच्या पलंगावर एक कोरियन गृहस्थ असायचे, निवृत्त शिक्षक. ते मोजे चढवण्याआधी दोन्ही तळपायांवरून सावकाश हात फिरवायचे, जसा लहान मुलाच्या डोक्यावरून फिरवावा. आमची ओळख तिथून झाली.

बाहेर पडलं की अंधारात बाण शोधायचा. पिवळा बाण. घराच्या कोपऱ्यावर, विजेच्या खांबावर, दगडावर, कुठं नुसत्या डांबरावर. ओ सेब्रेइरो नावाच्या डोंगरमाथ्यावरच्या खेड्यात एलियास व्हालिन्या नावाचे पाद्री होते. कामीनोवर फारसं कुणी चालत नव्हतं त्या काळात त्यांनी या वाटेचा अभ्यास केला आणि १९८४ मध्ये ते रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन बाण काढत निघाले. रस्त्याच्या कामातला उरलेला पिवळा रंग त्यांनी मागून घेतला होता, असं सांगतात. १९८९ मध्ये ते गेले. २०२३ मध्ये सांतियागोला पोचलेल्यांची नोंद साडेचार लाखांच्या आसपास होती. ते सगळे त्यांच्या बोटाला धरून गेले असं मला वाटतं. चालताना बाण दिसला की जिवाला बरं वाटायचं. कुणीतरी इथं उभं राहिलं होतं, वळणापाशी थांबून विचार केला होता की पुढचा माणूस इथं चुकेल.

माझ्या सॅकच्या वरच्या कप्प्यात एक खडा होता. फ्रेंच वाटेच्या सर्वांत उंच भागात क्रुस दे फेर्रो म्हणून जागा आहे. ओकचा एक उंच खांब, त्याच्या टोकाला छोटासा लोखंडी क्रूस, आणि खांबाच्या पायाशी दगडांची टेकडी. घरून आणलेला दगड तिथं टाकायचा आणि पुढं जायचं. माणसं दगडावर नावं लिहून आणतात, फोटो ठेवतात, कुणी लहान मुलाचा बूट बांधून ठेवलेला असतो. मी पोचले तेव्हा धुकं होतं. माझा खडा काळा, आपल्या दख्खनचा बसाल्ट, बोराएवढ्या छिद्रांचा. त्या पांढुरक्या, तांबूस दगडांत तो ठेवला तेव्हा लगेच वेगळा दिसला. मी काही मागितलं नाही. थोडा वेळ उभी राहिले. मग तो उतार लागला.

तो खडा वडकीचा होता.

आम्ही हडपसरला राहायचो. ज्ञानोबांची पालखी पुण्याहून निघाली की हडपसरवरून दिवे घाटाकडे जाते. त्या दिवशी आई पहाटे उठून भाकरी थापायची, लसणाची चटणी वाटायची, फडक्यात बांधून घ्यायची, आणि पालखी आली की माझा हात धरून दिंडीत शिरायची. आईला दमा होता. सपाटीला ती टाळ्या वाजवत चालायची, मध्येच थांबून श्वास घ्यायची, पुन्हा निघायची. घाटाच्या पायथ्याशी वडकी येतं. तिथं रथाला जादा बैलजोड्या जुंपतात, आणि मग घाटभर भगव्या पताकांची ओळ वळत वळत वर चढत जाते. आई पायथ्याशी एका कडेला उभी राहायची. रथ पहिल्या वळणाआड जाईतो बघायची. मग पदरानं तोंड पुसायची, खाली वाकून मातीला हात लावायची आणि म्हणायची, "चल. आपली वारी इथवर." आम्ही पीएमटीनं घरी यायचो. संध्याकाळच्या आत ती स्वयंपाकाला लागलेली असायची.

दहावीत असताना मी तिला म्हटलं होतं, "अर्धवटच करायची तर जायचं कशाला?" ती निवडत असलेल्या मेथीकडे बघत राहिली. काही बोलली नाही. पुढच्या वर्षी तिनं मला चल म्हटलं नाही. एकटी गेली आणि एकटी आली.

मोलिनासेकाच्या पुढं दोन दिवस मी तसाच पाय ओढला. पोनफेरादाचा टेम्पलर धर्मयोद्ध्यांचा किल्ला नीट पाहिलासुद्धा नाही. काकाबेलोसच्या पुढं द्राक्षमळ्यांतून वाट जाते. वेलींवर मेन्सिया जातीची काळी द्राक्षं लगडलेली होती, तोडणीचे दिवस होते, आणि मी प्रत्येक मैलदगडाला टेकत चालले होते. व्हियाफ्रांका देल बिएर्सो आलं तेव्हा गुडघा वाटीसकट दिसेनासा झाला होता, इतका सुजलेला.

गावात उतरताना लागणारी पहिलीच मोठी इमारत म्हणजे सांतियागोचं चर्च. बाराव्या शतकातलं, दगडी, बुटकं, फारशी नक्षी नसलेलं. जवळच्याच अल्बेर्गेत त्या पंधरवड्याच्या पाळीला एक डच बाई होत्या. कधीकाळी ही वाट चाललेली माणसं अशी येतात, धर्मशाळा झाडतात, सूप करतात, नव्या यात्रेकरूंचे बूट बाहेर ठेवायला लावतात. या बाई पूर्वी नर्स होत्या. त्यांनी माझा पाय मांडीवर घेतला, दोन्ही अंगठ्यांनी वाटीभोवती दाबून पाहिलं, फडक्यात बर्फ बांधला. "तुम्ही कुठून निघालात?" त्यांनी विचारलं. लेओनहून, मी म्हटलं. "उद्यापासून चढ आहे. ओ सेब्रेइरो. तुम्ही चढणार नाही आहात." विचारलेलं नव्हतं ते, सांगितलेलं होतं. मी मान खाली घातली. सांतियागो अजून १८५ किलोमीटर होतं.

जेवणाआधी त्यांनी माझ्या हातात एक काठी दिली आणि मला चर्चच्या उत्तर बाजूला नेलं. तिथं एक दार आहे. खालून वर एकात एक बसवलेल्या कमानी, बाजूला बारीक खांब, खांबांच्या माथ्यावर झिजून गुळगुळीत झालेल्या आकृती. दार बंद होतं. "पुएर्ता देल पेर्दोन," त्या म्हणाल्या. क्षमेचं दार. "जे आजारी पडायचे, ज्यांना डोंगर चढवणार नाही, त्यांच्यासाठी. इथवर आले की सांतियागोला पोचल्यासारखंच. तीच पापमुक्ती. तेवढीच." मग त्यांना सुपाची आठवण झाली आणि त्या निघून गेल्या.

मी समोरच्या कठड्यावर बसले. उजवा पाय पुढं लांब करून. उन्हं कलत होती, दारासमोरच्या गवतात दोन मांजरं होती. हे दार एरवी बंदच असतं. संत जेम्सचा दिवस, २५ जुलै, ज्या वर्षी रविवारी येतो त्या पवित्र वर्षातच ते उघडतं. अशी वर्षं ६, ५, ६ आणि ११ वर्षांच्या अंतरानं येतात. मागचं २०२१ चं, पुढचं २०२७ चं. मी दोन्हींच्या मध्ये येऊन बसले होते. पण मला ते उघडलेलं बघायचंच होतं असंही नाही. कुणाला तरी हे सुचलं, याचंच मला नवल वाटत होतं.

त्या काळी निघण्याआधी माणसं मृत्युपत्र करायची. कुणी नवस फेडायला यायचं, कुणी जिवावरच्या आजारातून उठण्याच्या आशेनं, आणि कुणाकुणाला तर गुन्ह्याची शिक्षा म्हणून यात्रेला धाडलेलं असायचं. पोचल्यावर परत घरीही पायीच जायचं असायचं. वाटेवर जागोजागी आश्रयस्थानं बांधली गेली. लेओनच्या पुढं एका लांबलचक जुन्या पुलापाशी एका गावाचं नावच ओस्पिताल दे ओर्बिगो आहे. आपल्या तोंडी रुळलेलं हॉस्पिटल हेच. त्याचा जुना अर्थ पाहुण्यांचा निवारा. औषधपाणी त्या पाहुणचारातच यायचं. अशा निवाऱ्यांत माणसं येऊन पडत असणार. तापानं फणफणलेली, पाय सडलेली, समोर बर्फाचा डोंगर. महिनोन्महिने चालून आलेला माणूस दोनशे किलोमीटर अलीकडे झोपून राहिलेला. त्याला काय म्हणायचं? तुझं राहिलं, असं म्हणायचं? कुणीतरी तसं म्हणालं नाही. त्यांनी दारालाच अर्थ दिला. आणि ते दार डोंगराच्या पायथ्याशी आहे.

दाराचा हा मोठेपणा मनात भरत असताना मला चोखोबा आठवले. पंढरपूरला नामदेव पायरीसमोर, महाद्वाराबाहेर त्यांची समाधी आहे. त्यांचे पाय चांगले होते. ते पोचले होते. दार उघडायला शेकडो वर्षं गेली, १९४७ मध्ये साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावं लागलं, तेव्हा ते मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुलं झालं. आणि या कामीनोवरही संत जेम्स दोन रूपांत भेटतो. एक हातात काठी, अंगावर यात्रेकरूची खूण असलेला शिंपला, धुळीनं भरलेला वाटसरू. दुसरा पांढऱ्या घोड्यावर, तलवार उगारलेला, घोड्याच्या टापांखाली मूर, म्हणजे तेव्हाचे स्पेनमधले मुसलमान. एकाच चर्चमध्ये दोघं शेजारी शेजारी दिसतात. मी दर वेळी पहिल्यापाशी थांबायची, आणि दुसरा पाठीमागे आहे हे मला ठाऊक असायचं. दार माणसंच घडवतात. ते कुणासाठी लावायचं आणि कुणासाठी उघडायचं हेही तीच ठरवतात. म्हणून व्हियाफ्रांकाचं ते बंद दार मला अधिकच मोलाचं वाटलं. दुसरं काहीही करता आलं असतं, आणि त्यांनी हे केलं.

सांतियागोला पोचलेल्यांना कोंपोस्तेला नावाचा लॅटिन दाखला मिळतो. त्यासाठी किमान १०० किलोमीटर पायी चालावं लागतं, आणि वाटेतले शिक्के दाखवावे लागतात. माझं शिक्क्यांचं घडीचं कार्ड आता कपाटात आहे. लेओनच्या मठाचा शिक्का, ओर्बिगोच्या पुलाचा, आस्तोर्गाचा, राबानालचा, जिथं संध्याकाळी चर्चमध्ये साधू लॅटिन स्तोत्रं म्हणत होते आणि मी काहीही न कळता रडले होते. शेवटचा शिक्का व्हियाफ्रांकाचा. डच बाईंनी तो जरा जोरानंच उमटवला, शाई चौकोनाबाहेर गेली. त्यापुढचे चौकोन पांढरे.

ते चौकोन माझ्या कोरियन मित्रानं फोनवरून भरले. मी परत आल्यावर आठ-नऊ दिवस त्यांचे फोटो येत राहिले, बहुधा शब्दांशिवाय. ओ सेब्रेइरोची गोल, गवताच्या छपरांची जुनी घरं, धुक्यात बुडालेली. गालिसियातल्या दगडी खांबांवर उभ्या केलेल्या धान्याच्या कोठ्या. पोर्तोमारीनची पायऱ्यांची चढण. जुनं पोर्तोमारीन १९६० च्या दशकात धरणाखाली गेलं. तिथलं चर्च दगड न् दगड सुटा करून वर टेकडीवर पुन्हा उभं केलं, आणि दगडांवर तेव्हा घातलेले आकडे अजून दिसतात. त्या आकड्यांचा त्यांनी अगदी जवळून काढलेला फोटो पाठवला. धरणाखाली गेलेल्या गावांच्या मुलखातली मी, तो फोटो कितीदा मोठा करून पाहिला. मग मोंते दो गोसो, आनंदाची टेकडी. तिथून कॅथीड्रलचे मनोरे पहिल्यांदा दिसतात. कळस दिसला की आपल्याकडे हात जोडतात, तसे पूर्वी इथं गुडघे टेकायचे.

शेवटचा फोटो कॅथीड्रलच्या आतला. मातेओ नावाच्या शिल्पकारानं घडवलेलं भव्य प्रवेशद्वार, आणि त्याच्या मधला संगमरवरी खांब. आठशे वर्षं पोचलेली माणसं तिथं उजवा हात टेकवत आली. पाच बोटांचे पाच खळगे त्या दगडात पडले आहेत. आता हात लावू देत नाहीत. खांब लांबूनच पाहायचा. माझ्या मित्रानं फोटोखाली इंग्रजीत एकच ओळ लिहिली होती: तुमचा हात इथं बसला असता. मी उजवा हात उघडून त्याच्याकडे पाहिलं. तो त्या वेळी गुडघ्यावर होता.

पण या सगळ्यांत मला वारंवार आठवते ती व्हियाफ्रांकाहून निघतानाची सकाळ. पोनफेरादाला जाणारी बस पकडायची होती. सॅक पाठीवर, सॅकला शिंपला, हातात बाईंनी दिलेली काठी. सगळे यात्रेकरू नदीच्या पुलाकडे निघाले होते आणि मी उलट. बाणांच्या उलट. तेव्हा पहिल्यांदा ध्यानात आलं की मागे जाणारा बाण कुठंच नाही. आठ दिवस ज्या खुणांनी मला पुढं नेलं, त्या सगळ्या आता माझ्या पाठीमागचं काहीतरी दाखवत होत्या. समोरून येणारी माणसं क्षणभर थबकायची आणि बाजूनं निघून जायची.

एका गल्लीत एक म्हातारी दार झाडत होती. काळा झगा, पायात सपाता. मला बघून ती झाडायची थांबली आणि खराटा उचलून पुलाच्या दिशेनं दोनदा हलवला. तिकडे, तिकडे. चुकलीस. रोज चुकलेल्या माणसांना वळवायची सवय असलेला तो हात. मला उत्तर द्यायला शब्द नव्हते. मी गुडघ्यावर हात ठेवला आणि मान हलवली.

तिनं पाहिलं. खराटा भिंतीला टेकवला, आत गेली, आणि द्राक्षांचा एक घोस घेऊन आली. धुतलेला, पाणी ठिबकत होतं. माझ्या ओंजळीत ठेवला. मी बसच्या दिशेनं दोन पावलं टाकली असतील, तेव्हा मागून तिचा आवाज आला. बाणाच्या वाटेनं जाणाऱ्या प्रत्येकाला म्हणतात तेच, वाट चांगली जावो, त्याच सुरात:

"ब्वेन कामीनो."